बैल सोडा, जू गाडीलाच राहू द्या
(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज पापड-लोणच्याचा विषय नाही, कोंबड्यांचा नाही आणि कर्जाच्या रजिस्टरचाही नाही. आज मी गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन बिघडलं, ते बाहेर काढावं लागलं आणि गिअरबॉक्स मात्र गाडीतच ठेवायचा असला, तर काय करतात आणि काय करू नये, हे सांगणार आहे. "हे मिस्त्रीचं काम, आम्हाला काय करायचं" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मी माजरीत गॅरेजातच काम करते. हातात पाना धरणारी बाई म्हणून सांगते, हे समजून घेणं आपल्या फायद्याचं आहे.

आपल्या भागात गाडी ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. खाणीवरच्या पाळीला माणसं न्यायची, माजरी जंक्शनला उतरलेल्या पाहुण्याला गावात पोहोचवायचं, अडलेल्या बाईला रात्री वरोऱ्याला किंवा चंद्रपूरला न्यायचं, भद्रावतीच्या बाजारात माल टाकायचा, सगळ्याला गाडी लागते. बचत गटातल्या बाईनं गाडी घेऊन गावाच्या रस्त्यावर चालवावी म्हणून सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना काढली. म्हणजे गाडी बाईच्या नावावर, गटाच्या पैशावर, हे आता ऐकायला नवं नाही. आणि क्लच नसलेली गाडी शिकायला सोपी. पायाशी फक्त ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. त्यामुळं जुन्या ऑटोमॅटिक गाड्या शहरातून आपल्याकडं विकत यायला लागल्या आहेत.

गाडी बाईच्या नावावर आली, तशी बिघाडाची पावतीही बाईच्याच नावावर येणार. इंजिन बंद पडलं म्हणून गटाचा हप्ता थांबत नाही.

आमच्या भागातल्या एका ताईची गोष्ट सांगते. तिची जुनी ऑटोमॅटिक गाडी होती, शाळेची पोरं आणि दवाखान्याचे पेशंट यांवर चालायची. उन्हाळ्यात कूलंट संपलं, इंजिन तापलं, आतून बसलं. एका ठिकाणी इंजिन काढून दुरुस्त केलं. काम वाईट नव्हतं, इंजिन छान बोलत होतं. पण गाडी सुरू केल्यावर खालून करकर आवाज आला आणि गाडी जागची हलेना. डी टाका, आर टाका, गाडी तिथंच. इंजिन काढताना आणि बसवताना गिअरबॉक्सच्या तोंडातला पंप मोडला होता. इंजिनाचा खर्च झालाच होता, आता गिअरबॉक्स उघडायचा खर्च त्याच्याहून मोठा. चांगला असलेला गिअरबॉक्स चुकीच्या हातानं मेला. गाडी चार महिने उभी राहिली आणि हप्ते तिनं मजुरी करून भरले.

ही चूक कुठं होते, ते आज आपण बघू.

आधी ऑटोमॅटिक म्हणजे काय ते समजून घ्या. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. दोन ताटल्या एकमेकींना दाबून धरल्या की जोर पुढं जातो, पाय दिला की सुटतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी भोपळ्यासारखा गोल, जड, बंद डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आपण नुसतं कन्व्हर्टर म्हणू.

घरात दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंखाही हळूहळू फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच चालतं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाकडचं पंख्यासारखं चाक तेल फेकतं, गिअरबॉक्सकडचं चाक त्या तेलानं फिरतं. मध्ये तिसरं छोटं चाक असतं, ते तेल वळवून परत ढकलतं, म्हणून गाडी उचलताना जोर वाढतो. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतल्या हर्मान फोटिंगर नावाच्या अभियंत्यानं १९०५ साली जहाजांसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्या कोळसा खाणींत जे घरासारखे उंच डंपर चालतात, त्यांच्याही पोटात असाच कन्व्हर्टर असतो.

आता महत्त्वाचं. हा कन्व्हर्टर इंजिनाला पुढून बोल्टांनी कसलेला असतो. इंजिनाच्या मागं एक पातळ पोलादी ताटली असते, फ्लेक्स प्लेट. तिला तीन, चार किंवा सहा बोल्टांनी तो धरलेला असतो. मागून मात्र तो गिअरबॉक्सच्या तोंडात नुसता घुसलेला असतो. त्याच्या नळीला खाचा असतात. त्या खाचा गिअरबॉक्सच्या तेलपंपात अडकतात आणि पंप फिरवतात. पंप फिरला तर गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब येतो. दाब आला तर गिअर पडतो.

यातूनच एक घरगुती गोष्ट कळते. साध्या गाडीची बॅटरी बसली की आपण धक्का मारून ती सुरू करतो. कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट चालत नाही. इंजिन फिरत नाही म्हणून पंप फिरत नाही, पंप नाही म्हणून दाब नाही, दाब नाही म्हणून चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच जुळत नाही. दहा पोरं लावून दोन किलोमीटर ढकला, ती सुरू होणार नाही. उलट इंजिन बंद असताना अशी गाडी दोर बांधून लांब ओढली तर गिअरबॉक्स तेलाशिवाय फिरतो आणि घासला जातो. न्यायचीच असेल तर दुसऱ्या गाडीवर चढवून न्या, किंवा जी चाकं इंजिनाच्या जोरावर चालतात ती उचलून न्या.

तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे म्हणजे काय करायचं? बैलगाडी डोळ्यासमोर आणा. इंजिन म्हणजे बैल, गिअरबॉक्स म्हणजे गाडी, कन्व्हर्टर म्हणजे जू. आपण बैल सोडतो तेव्हा जू गाडीलाच नाड्यानं बांधलेलं राहतं. शिवळा काढायच्या, बैल बाहेर घ्यायचे, आणि गाडीची दांडी जमिनीवर आपटू नये म्हणून खाली टेकू द्यायचा. शिवळा न काढता बैल हाकलले तर? जू बैलांच्या मानेवरच जाईल, नाडा तुटेल, दांडी मोडेल. त्या ताईच्या गाडीत असंच काहीसं झालं. कन्व्हर्टर पूर्ण मागं न राहता अर्धा बाहेर ओढला गेला. बसवताना तो खाचेत न बसवता बोल्टांनी दाबला, आणि पंप चिरडला.

आजच्या बोलण्यातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: कन्व्हर्टर इंजिनाचा नाही, गिअरबॉक्सचा आहे. इंजिन बाहेर येईल, कन्व्हर्टर मागंच राहील.

आता कामाला लागण्याआधीचे दोन प्रश्न.

पहिला प्रश्न, इंजिन खरंच बाहेर काढावं लागतं का? वरच्या भागाचं काम, म्हणजे हेड गॅस्केट वगैरे, बहुतेक गाड्यांत इंजिन जागेवर ठेवूनच होतं. खालच्या भागात, क्रँक किंवा ब्लॉकमध्ये बिघाड असेल, किंवा इंजिनच बदलायचं असेल, तेव्हा काढावं लागतं. मिस्त्रीदादाला सरळ विचारा, "काढायचं कारण काय?" चांगला मिस्त्री रागावत नाही, दाखवतो.

दुसरा प्रश्न, आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची? सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांत कन्व्हर्टर नसतो. २०१४ साली सेलेरिओ आली, तेव्हापासून छोट्या गाड्यांत एएमटी नावाचा प्रकार पसरला. तिच्यात साधा क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त पायाच्या जागी यंत्र क्लच दाबतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे गिअरच्या दांडीजवळची अक्षरं. तिथं पी, आर, एन, डी अशी अक्षरं असली तर बहुधा कन्व्हर्टरची किंवा तशाच दुसऱ्या जातीची गाडी. पी नसेल, नुसतं आर, एन, डी किंवा ए आणि एम असेल, तर बहुधा एएमटी. हे मिस्त्रीकडून पक्कं करून घ्या. मी आज सांगते ते कन्व्हर्टरच्या गाडीचं.

आणखी एक. ज्या गाडीचं इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं, मोठ्या जीपसारख्या गाड्यांत, तिथं गिअरबॉक्स ठेवून इंजिन पुढून काढणं सोयीचं. छोट्या कारमध्ये इंजिन आडवं असतं, जागा कमी असते. तिथं पुष्कळदा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळूनच काढतात आणि खाली ठेवून वेगळे करतात. पण वेगळे करताना नियम तोच, कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडं.

आता काम कसं चालतं ते बघू. तुम्ही पाना धरा किंवा नुसत्या उभ्या राहून बघा, क्रम माहीत असू द्या.

जागा पक्की आणि सपाट हवी. मातीच्या अंगणात जॅक खचतो. चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. गाडी उचलली तर खाली लोखंडी घोड्या लावायच्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, हातातल्या धातूच्या बांगड्या उतरवा, बॅटरीजवळ त्यांनी ठिणगी पडते. बॅटरीची मायनसची तार आधी काढायची. मग मोबाइलनं फोटो काढायला लागा. प्रत्येक तार, प्रत्येक पाइप सोडण्याआधी एक फोटो. फोटोला पैसे लागत नाहीत आणि बसवताना तोच गुरू.

इंजिन थंड झाल्यावरच कूलंट काढायचं. ते सरळ कॅनमध्ये भरा आणि झाकण लावा. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्रा चाटतो, वासरू तोंड लावतं आणि जीव जातो. जुनं तेलही नाल्यात किंवा विहिरीकडं सोडू नका.

पेट्रोलच्या पाइपात दाब असतो, तो आधी उतरवतात. त्या वेळी आसपास विडी नाही, चूल नाही. सीएनजीची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ते काम सीएनजीच्या जाणकारालाच द्या. एसी असेल तर त्याचा गॅस हवेत सोडू देऊ नका. जमत असेल तिथं कॉम्प्रेसर पाइपांसकट सोडून बाजूला बांधून ठेवतात, गॅस सोडावाच लागत नाही. पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचंही तसंच.

मग बॉनेट उतरवायचं, रेडिएटर काढायचा. इथं ऑटोमॅटिकचा पहिला फरक. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायला दोन पाइप रेडिएटरमध्ये गेलेले असतात. ते सोडले की बहुधा लालसर तेल गळतं. पाइपांची तोंडं लगेच स्वच्छ बुचांनी बंद करायची. गिअरबॉक्सच्या तेलात धुळीचा कणही चालत नाही, आणि आपल्याकडं तर हवेतच कोळशाची धूळ. सायलेन्सरचा पाइप, वायरी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, सेल्फ, हे सगळं क्रमानं सुटतं.

बोल्ट डब्यात एकत्र टाकू देऊ नका. एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाचं चित्र काढा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. बोल्ट लांबीनं वेगवेगळे असतात. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर आतलं काहीतरी फुटतं. ब्लाउजची बटणं आपण जशी जागच्या जागी टाचून ठेवतो, तसंच हे.

आता शिवळा काढायची वेळ. गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाला जिथं भिडतं, त्या घंटेसारख्या भागाला बेल हाउसिंग म्हणतात. तिच्या खाली एक छोटं झाकण असतं, किंवा सेल्फ काढल्यावर जागा दिसते. त्या खिडकीतून कन्व्हर्टरचा एकच बोल्ट एका वेळी दिसतो. इंजिनाच्या पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं, त्याच्या नेहमीच्या दिशेनं. एक बोल्ट समोर आला, काढला. पुन्हा फिरवलं, दुसरा आला, काढला. असे सगळे बोल्ट निघाले पाहिजेत. किती होते ते मोजा आणि मोठ्यानं बोला. पहिला बोल्ट काढण्याआधी कन्व्हर्टर आणि ताटली दोघांवर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे बसवताना जागा तीच येते.

बोल्ट निघाले की कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडं मागं ढकलायचा. तो थोडा सरकतो. ताटली आणि तो यांच्यात फट दिसली पाहिजे. फट दिसली म्हणजे जू सुटलं.

त्यानंतर टेकू. गिअरबॉक्सच्या खाली जॅक, आणि जॅकवर लाकडी फळी. फळी का? गिअरबॉक्सच्या खालची तेलाची परात पातळ असते, जॅकच्या टोकानं ती दबते. इंजिनाला चेन पुलीनं वरून वजन घ्यायचं. छोट्या कारचं इंजिनही शंभर किलोच्या घरात असतं, मोठ्या डिझेल गाडीचं दोनशेच्या. लटकलेल्या इंजिनाखाली कुणाचा हातही जाता कामा नये. पोरांना त्या वेळी अंगणातून बाहेर काढा.

वजन पेललं की बेल हाउसिंगचे बोल्ट आणि इंजिनाची फाउंडेशन सुटतात. इंजिन जरासं उचलून सरळ पुढं घ्यायचं. इथं एक माणूस बॅटरी घेऊन फटीत बघत राहिला पाहिजे आणि त्याची नजर कन्व्हर्टरवर हवी. कन्व्हर्टर इंजिनासोबत पुढं यायला लागला तर "थांबा" म्हणायचं आणि तो पुन्हा मागं ढकलायचा. मिस्त्रीचे दोन्ही हात साखळीवर असतात. हे बघायचं काम मालकिणीनं मागून घ्यावं असं मी म्हणते. त्याला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. इंजिन सुटत नसेल तर सब्बल घालून झटके देऊ देऊ नका. कुठंतरी एक बोल्ट राहिलेला असतो. तो शोधा.

इंजिन बाहेर आलं की पहिलं काम, बेल हाउसिंगच्या तोंडावर आडवी लोखंडी पट्टी बोल्टनं लावायची किंवा पक्की तार बांधायची, म्हणजे कन्व्हर्टर घसरून बाहेर पडणार नाही. तेलानं भरलेला तो दहा-वीस किलोचा असतो. पायावर पडला तर बोटं गेली, जमिनीवर पडला तर तो गेला. गिअरबॉक्सच्या तोंडाखालचा टेकू तसाच राहू द्यायचा. इंजिन पंधरा दिवस बाहेर राहणार असेल तर जॅकवर भरवसा नको, खाली पक्की घोडी किंवा आडवं लाकूड लावा. तोंडावर स्वच्छ कापड बांधा. आणि तोवर ती गाडी कुणी ढकलायची नाही.

बसवताना क्रम उलटा, पण त्यात तीन थांबे आहेत. हे तीन थांबे म्हणजे गिअरबॉक्सचा जीव.

पहिला थांबा, इंजिन जोडण्याआधी. कन्व्हर्टर पूर्ण आत बसला आहे का? तो हातानं फिरवत आत ढकलला की दोन-तीन वेळा ठक असं हाताला कळतं, दर वेळी तो थोडा आत जातो. बेल हाउसिंगच्या काठावर सरळ पट्टी ठेवून आतलं अंतर मोजतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो. नवं ऑइल सील टाकायचं असेल तर तेही याच्या आधी, तेव्हा ते स्वस्तात होतं.

दुसरा थांबा, इंजिन भिडल्यावर. इंजिन आणि बेल हाउसिंग हाताच्या जोरानं काठाला काठ भिडले पाहिजेत. फट राहिली आणि मिस्त्री म्हणाला, "बोल्ट कसले की बसेल," तर तिथंच थांबवा. बोल्टनं ओढून बसवणं म्हणजे पंप चिरडणं. त्या ताईचे पैसे इथं गेले.

तिसरा थांबा, बेल हाउसिंगचे बोल्ट कसल्यावर. खिडकीतून हात घालून कन्व्हर्टर हातानं फिरतो का बघायचं, आणि तो ताटलीपासून थोडा मागं आहे का. साधारण तीन ते पाच मिलिमीटर फट, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. फट असेल तर तो पुढं ओढून बोल्ट लावायचे. फट नसेल, कन्व्हर्टर घट्ट अडकला असेल, तर इंजिन सुरू करायचं नाही. पुन्हा मागं घ्यायचं. अर्धा दिवस जाईल, गिअरबॉक्स वाचेल.

शेवटी गिअरबॉक्समध्ये त्याच्याच जातीचं तेल, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. इंजिनाचं तेल त्यात चालत नाही.

आता कागदाचं. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या. त्यात "कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच ठेवून इंजिन काढणे" असं एक वाक्य लिहायला सांगा. त्या एका वाक्यानं समोरच्याला कळतं की या बाईला काम कळतं. बदललेले जुने भाग परत मागा. पक्की पावती घ्या. पावती असेल आणि फसवणूक झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं, जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

आणि इंजिन दुरुस्त न होता दुसरंच बसवलं तर लक्षात ठेवा, आरसी बुकावर इंजिनाचा नंबर छापलेला असतो. गाडी चंद्रपूरची एमएच ३४ असो की गडचिरोलीची एमएच ३३, बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. भंगारातून आलेल्या इंजिनाची पावती नसेल तर ते घेऊच नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस तुमच्या दारात येतात. अपघात झाला तर विम्याची अडचण वेगळीच.

मैत्रिणींनो, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे इंजिन काढायची वेळच न येणं. आपला चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पार जातो. सकाळी गाडी थंड असताना कूलंट आणि तेल बघा. तापमानाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. "घर जवळच आहे" म्हणून चालवलेले शेवटचे तीन किलोमीटर इंजिन खातात. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, तोंड भाजतं.

एक शेवटचं. २०१९ पासून सरकारनं बायांना खाणीत जमिनीखालच्या तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला अटींसह परवानगी दिली आहे. यंत्राची दारं आपल्यासाठी हळूहळू उघडताहेत. घरात दहावी झालेली मुलगी असेल आणि तिला पान्याची आवड असेल, तर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स असतो. तालुक्याला जाऊन चौकशी करा. गावात गाड्या आपल्या बायांच्या असतील, तर त्या उघडणारे हातही आपल्या पोरींचे असू द्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी आरसी बुक घेऊन या. इंजिन नंबर जुळतो का, गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, कूलंट शेवटचं कधी बदललं, एवढं वहीत लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

येते मी. नमस्कार.